दुसरी नव्हे, पहिली

‘विजेची गाडी घ्यायला हरकत नाही, पण दुसरी गाडी म्हणून.’ मोटारींची थोडीफार माहिती असलेल्या कोणालाही विचारा, हाच सल्ला मिळतो. पुण्यात मिळतो, नाशिकला मिळतो, कोल्हापुरातही मिळतो. सल्ला देणारे हितचिंतक असतात, बऱ्याचदा अनुभवीही असतात. विजेच्या गाडीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी वाद घालणे सोपे आहे. हा सल्ला मात्र समतोल दिसतो, म्हणून तो कोणी तपासत नाही. माझ्या मते तो मुळातच चुकीचा आहे आणि विजेच्या गाडीचे जेवढे नुकसान तिच्या विरोधकांनी केले नाही, तेवढे या सल्ल्याने केले आहे. तो मानून गाडी घेणाऱ्याचा हिशेब बसत नाही, आणि मग दोष गाडीच्या माथी येतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, त्याच्या पूर्ण बळानिशी.

पहिला मुद्दा असा की पेट्रोलचे इंजिन छोट्या फेऱ्यांमध्ये सर्वांत जास्त इंधन खाते. इंजिन थंड असते, सिग्नल असतात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रांगते. विजेची गाडी नेमकी इथे सरस ठरते. तेव्हा मुलांची शाळा, भाजी, बँक ही कामे तिला द्यावीत. दुसरा मुद्दा: गावाला जायचे तर चार्जर मिळेल का, मिळाला तर चालू असेल का, चालू असला तर रांग किती असेल, याची शाश्वती नाही. तिसरा: बॅटरी महाग असते आणि वापराने झिजते, म्हणून ती जपून वापरावी. चौथा: महाराष्ट्रात वीजदराचे टप्पे इतके चढे आहेत की घरी चार्जिंग केल्यावर वाचवलेले पैसे बिलात जातात. आणि शेवटचा: वीज अखेर कोळशाचीच, तेव्हा पर्यावरणाच्या नावाखाली जास्त मिरवू नये. या सगळ्याचा निष्कर्ष म्हणजे मोठ्या, रोजच्या, लांबच्या कामाला पेट्रोल किंवा डिझेल, आणि किरकोळ कामाला वीज.

यातले एकही विधान निराधार नाही. काही तर पूर्ण खरी आहेत. तरीही निष्कर्ष चुकतो, तो कसा ते पाहू.

पहिल्या मुद्द्यात एक गफलत आहे. एका किलोमीटरमागे किती वाचले आणि वर्षाला किती वाचले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शाळा आणि भाजी मिळून महिन्याला तीनशे किलोमीटरही होत नाहीत. आता हिशेब मांडू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरात लिटरमागे १४ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारे ७ रुपये ४० पैसे पडतात. विजेची मध्यम आकाराची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, मीटरवरच्या एका युनिटमागे सहा किलोमीटर जाते. युनिट दहा रुपयांना पडते असे समजू. किलोमीटरला १ रुपया ६५ पैसे झाले. फरक पावणेसहा रुपयांचा. तीनशे किलोमीटरांना महिन्याला १,७२५ रुपये वाचले, वर्षाला २०,७००.

समान आकाराच्या, स्वयंचलित गिअरच्या पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी साडेतीन लाखांनी महाग आहे असे धरू. सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे. त्यामुळे दोहोंतले अंतर पूर्वीपेक्षा वाढले, कमी झाले नाही. हे मान्य करूनच पुढे जाऊ. साडेतीन लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज होते ३१,५००. वर्षाची बचत २०,७००. म्हणजे मुद्दल सोडाच, व्याजसुद्धा निघत नाही. ही गाडी कधीच परवडणार नाही. दहा वर्षांनी नाही, पंधरा वर्षांनी नाही.

आता तीच गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवा. पिंपरी-चिंचवडहून खराडी, कल्याणहून ठाणे-मुंबई, सिन्नरहून नाशिक असा रोजचा प्रवास आणि अधूनमधून बाहेरगाव धरले की हा आकडा सहज होतो. वर्षाची बचत एक लाख तीन हजारांवर जाते. त्याच व्याजाने साडेतीन लाख सव्वाचार वर्षांत फिटतात. गाडी तीच, किंमत तीच, वीज तीच. बदलला फक्त वापर.

या वाहनाचा स्वभावच तसा आहे. खर्चाचा मोठा भाग आधी द्यावा लागतो, पुढचा प्रत्येक किलोमीटर जवळजवळ फुकट असतो. विहीर खणण्याचा खर्च एकदाच होतो. पाणी जितके उपसाल तितका प्रत्येक घागरीमागचा खर्च उतरतो. पेट्रोलच्या गाडीचा स्वभाव याच्या उलट आहे. ती घेताना स्वस्त, चालवताना महाग. मग उभे राहायचे कोणी, आणि धावायचे कोणी? ज्या गाडीचा उभ्याचा खर्च जास्त, तिलाच उभी ठेवा, असे हा सल्ला सांगतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यालाही हे पटणार नाही.

याला पुरावा हवा असेल तर खासगी मालकांकडे पाहू नका. जे दिवसरात्र वाहने चालवतात त्यांच्याकडे पाहा. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीची विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. पुण्यात पीएमपीने २०१९ पासून विजेच्या बस आणल्या. मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरी धावते. या संस्थांना सरकारी अनुदान मिळाले, हे खरे. पण त्यांनी विजेची बस शाळेच्या सहलीसाठी राखून ठेवली आणि मुख्य मार्ग डिझेलला दिला, असे कोठे दिसते? जिथे फेऱ्या जास्त तिथे वीज, हाच त्यांचा निर्णय आहे.

आता बॅटरी. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पूर्वपक्षाची समजूत वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे. ‘जपून वापरली तर बॅटरी टिकेल’ असे मानले जाते. लिथियमची बॅटरी दोन कारणांनी जुनी होते. एक वापराने, म्हणजे भरण्या-रिकामी होण्याच्या चक्रांनी. दुसरे नुसत्या काळाने. गाडी उभी असली तरी आतली रासायनिक झीज थांबत नाही. उन्हात उभी असेल आणि बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली असेल, तर ती झीज वाढते.

आता आकडे ठेवू. ४५ युनिटांची बॅटरी, प्रत्यक्षातला पल्ला सुमारे तीनशे किलोमीटर. दुसरी गाडी म्हणून महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याचे महिन्याला एक चक्र होते. आठ वर्षांत ९६. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते आणि ती दोन हजारांहून अधिक चक्रे सहज सोसते. म्हणजे या काटकसरी मालकाने तिच्या आयुष्याचा विसावा भागही वापरलेला नसतो आणि काळ मात्र आठ वर्षे पुढे गेलेला असतो. महिन्याला दीड हजार चालवणाऱ्याची आठ वर्षांत ४८० चक्रे होतात, किलोमीटर होतात १ लाख ४४ हजार. बहुतेक कंपन्या बॅटरीला जी हमी देतात ती साधारण आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तेवढी असते. टाटा आणि महिंद्रा यांनी तर काही गाड्यांवर पहिल्या खासगी मालकाला अटींसह आजीवन हमी दिली आहे. म्हणजे भरपूर चालवणारा हमीच्या आतच आहे. हमीचे किलोमीटर वाया घालवतो तो न चालवणारा. जपून कोणी काय जपले?

बॅटरीची पूर्ण किंमत डोळ्यांसमोर आणून घाबरणाऱ्यांना एवढेच सांगतो की ती अचानक मरत नाही. हजारो गाड्यांच्या नोंदींवरून दिसणारी सरासरी घट वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास आहे. दहा वर्षांनी तीनशेचा पल्ला अडीचशेच्या खाली गेला, तरी रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याचे काय अडते? आणि बॅटरीच्या भावाचे म्हणाल, तर ब्लूमबर्गच्या ऊर्जा-अभ्यासकांच्या पाहणीनुसार २०१० साली एका युनिट क्षमतेला अकराशे डॉलरांहून अधिक असलेला जागतिक सरासरी भाव २०२४ मध्ये ११५ डॉलरांवर आला.

पुनर्विक्रीचा मुद्दा इथेच येतो आणि तो पूर्वपक्षाच्या बाजूचा आहे. जुन्या विजेच्या गाडीला आज बाजारात उठाव कमी आहे. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने ती घेऊ नये, असे मीही म्हणेन. पण भाव पडतो तो मुख्यतः वर्षांनी. पडलेला भाव दहा हजार किलोमीटरांवर वाटायचा की पन्नास हजारांवर, हे आपल्या हातात असते.

विजेच्या टप्प्यांचा आक्षेप खास महाराष्ट्रातला आहे, आणि तो अर्धवट मांडला जातो. शंभर युनिटांपर्यंत दर सौम्य असतो. पुढे वहन आकार आणि विद्युत शुल्क धरून तो झपाट्याने चढतो. पाचशे युनिटांच्या वर तो अठरा रुपयांपर्यंत पोहोचतो. गाडीचे दोनशे-अडीचशे युनिट घरच्याच मीटरवर आले तर वरच्या टप्प्यात जाणारच. ठीक. मग वाईटात वाईट धरू: गाडीसाठी लागणारे प्रत्येक युनिट अठरा रुपयांचे. किलोमीटरला तीन रुपये झाले. पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी. दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याची वर्षाची बचत तरीही जवळपास ऐंशी हजार राहते. पूर्वपक्षाचे सर्वांत कठोर गृहीतक स्वीकारूनही त्याचा निष्कर्ष निघत नाही.

शिवाय ते गृहीतक स्वीकारण्याची गरज काय? विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग २०१८ सालीच केला आहे. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे. आणि छतावर सौर पॅनेल असेल तर हिशेब आणखी बदलतो. तीन किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतो, आणि त्याला पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपये अनुदान आहे. या सगळ्या सोयी भरपूर वापरणाऱ्यालाच उपयोगी पडतात. महिन्याला पन्नास युनिटांसाठी कोण वेगळा मीटर मागेल?

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी वाचकाची फसवणूक करीन. हा सगळा हिशेब घरच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या चार्जिंगवर उभा आहे. सार्वजनिक जलद चार्जरचा दर करासह युनिटला वीस-बावीस रुपयांच्या घरात जातो. त्यावरच रोज अवलंबून राहिलात तर किलोमीटरला साडेतीन-चार रुपये पडतात, आणि तेवढ्यात सीएनजीची गाडीही धावते. सीएनजीवाल्याने साडेतीन लाख जास्त दिलेले नसतात. म्हणून ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते, त्याला मी विजेची गाडी सुचवणार नाही. पहिली म्हणून नाही आणि दुसरी म्हणूनही नाही. खरी सीमारेषा पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत नाही. ती गाडी उभी राहते तिथे प्लग आहे की नाही, यात आहे.

दुर्दैवाने तो प्लग अनेकदा सोसायटीच्या कार्यकारिणीच्या हातात असतो. ‘सर्वांनी मागितले तर?’, ‘आग लागली तर?’ अशा प्रश्नांवर अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांना उत्तरे आहेत. २०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत उपविधींत बदल करून नव्या इमारतींच्या वाहनतळातील वीस टक्के जागांवर चार्जिंगची तरतूद सुचवली. जुन्या इमारतींत एकूण मंजूर भार तपासून, चार्जर आळीपाळीने चालतील अशी व्यवस्था करता येते. गाड्या सगळ्या एकाच वेळी रिकाम्या होऊन येत नाहीत. आगीच्या भीतीबद्दल सांगायचे तर २०२२ मधल्या दुचाकींच्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक झाली. चांगले अर्थिंग, योग्य जाडीची वायर आणि स्वतंत्र एमसीबी यांसह बसवलेला चार्जर हा सदस्याने खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेन्शनच्या वायरीपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. परवानगी नाकारली की नेमकी तीच वायर खाली येते.

आता लांबचा प्रवास. जाहिरातीतला पल्ला प्रयोगशाळेतला असतो. त्यातून तिसरा हिस्सा वजा करावा, द्रुतगती मार्गावर थोडा आणखी. मग जे उरते त्यात काय बसते? पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर, पुणे-नाशिक सव्वादोनशेच्या आत, पुणे-कोल्हापूर दोनशे तीस. तीनशेचा पल्ला असेल तर ही अंतरे एका चार्जमध्ये, फार तर वाटेतल्या एका चहाच्या थांब्यात होतात. खंबाटकी घाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, हे पाहून नवखा माणूस घाबरतो. उताराला त्यातले बरेच परत मिळतात, हे त्याला पलीकडे गेल्यावर कळते. पेट्रोलच्या गाडीत ती ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. मुक्कामाच्या गावी चार्जर नसला तरी चांगले अर्थिंग असलेल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीच्या दहा तासांत पंचवीस युनिट भरतात. दीडशे किलोमीटर झाले.

तरीही गणपतीत कोकणात, मे महिन्यात गोव्याला, नागपूरला एका दमात जायचे, अशा वेळी अडचण येते. रांगा लागतात, बंद चार्जर भेटतात. महाराष्ट्र सार्वजनिक चार्जरांच्या संख्येत देशात पुढे आहे, पण फलकावरची संख्या आणि चालू यंत्रे यांत फरक असतो. हे मी नाकारत नाही. मी विचारतो ते एवढेच: असे दिवस वर्षातले किती? आणि त्या थोड्या दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस कोणत्या इंधनावर काढायचे, हे ठरवायचे का? घरात आधीची पेट्रोलची गाडी असेल तर ती विकूच नका. तिची किंमत पडायची तेवढी पडून गेली आहे. उभी राहिल्याने तिचे फारसे नुकसान नाही. त्या थोड्या दिवसांसाठी ती ठेवा. दुसरी गाडी हीच. आणि घरात एकच गाडी परवडत असेल, तर त्या दिवसांपुरती भाड्याची घ्या. वर्षाला एक लाख वाचवणाऱ्याला आठवडाभराचे भाडे जड जात नाही.

दोन गाड्या असलेल्या कितीतरी घरांत आज उलटे चित्र दिसते. कर्ता माणूस रोज साठ-सत्तर किलोमीटर मोठी डिझेल गाडी घेऊन कार्यालयात जातो, आणि विजेची गाडी दिवसभर इमारतीखाली उभी असते. या घरांना नवे काहीही विकत घ्यायचे नाही. किल्ल्यांची अदलाबदल केली तरी पुरे. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातल्या टोलमाफीचेही तेच. अटल सेतूवर मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये आहे आणि विजेच्या गाडीला तो ऑगस्ट २०२५ पासून माफ आहे. ही सवलत रोज पलीकडे जाणाऱ्याची आहे, भाजीला जाणाऱ्याची नाही.

राहिला कोळसा. आपल्या देशातली बहुतांश वीज आजही कोळशावर बनते. जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युनिटमागे सहा किलोमीटर धरले तर किलोमीटरला १२० ग्रॅम, वाहिन्यांतली गळती धरून थोडे अधिक. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो पडतो, म्हणजे चौदाच्या मायलेजला १६५ ग्रॅम, आणि त्यात तेल काढण्या-शुद्ध करण्याचा भाग धरलेला नाही. फरक आहे, पण प्रचंड नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने २०२१ मध्ये गाडीचे पूर्ण आयुष्य मोजून भारतासाठी ही घट १९ ते ३४ टक्के सांगितली होती. बॅटरी बनवताना झालेले उत्सर्जन त्यात आले. ते उत्सर्जन गाडी कारखान्यातून निघण्यापूर्वीच होऊन गेलेले असते आणि त्याची भरपाई होते ती पुढच्या प्रत्येक किलोमीटरने. साडेतीन लाखांना जो नियम लागू होता तोच इथे. कोळशाचा आक्षेप घेऊन गाडी कमी चालवा म्हणणारा माणूस ती भरपाईच थांबवतो.

निवाडा वाचकाने करायचा आहे, तोही स्वतःच्या आकड्यांवर. आपल्या गाडीचा शेवटच्या दोन सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरचा किलोमीटरचा आकडा पाहा आणि मधल्या महिन्यांनी भागा. उत्तर पाचशेच्या खाली असेल, किंवा गाडी उभी राहते तिथे वीज नेणे शक्य नसेल, तर विजेची गाडी घेऊ नका. ‘दुसरी म्हणून घ्या’ म्हणणाऱ्यालाही नम्रपणे नकार द्या. उत्तर हजाराच्या वर असेल आणि जागेवर प्लग मिळणार असेल, तर रोजच्या कामाला विजेचीच गाडी घ्या, आणि पहिली म्हणून घ्या.